डिस्नेच्या बसमधली मास्कसक्ती उठली तो आठवडा

शनिवार, १६ एप्रिल २०२२

आई पुण्याहून न्यू जर्सीला आली ती गुढीपाडवा घरी करून. २७ मार्चपासून भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं नेहमीच्या वेळापत्रकानं सुरू झाली आणि २ एप्रिलला, पाडव्याच्याच दिवशी, महाराष्ट्रातले कोविडचे सगळे निर्बंध उठले. मास्क ऐच्छिक झाला. ज्या पुण्यात तोंडावर मास्क दिसला नाही तर ५०० रुपयांची पावती फाटत होती, तिथे लोक मोकळ्या चेहऱ्यानं लक्ष्मी रोडवर फिरताना पाहून आई निघाली होती. स्वतः मात्र मास्क लावूनच. तिचा संधिवात जुना आहे, आणि त्यासाठी ती जी मेथोट्रेक्सेटची गोळी घेते तिनं प्रतिकारशक्ती दबते. बूस्टर घेतला आहे, तरी डॉक्टरांनी गर्दीत जपायला सांगितलंय.

दुसरीकडे माझी लेक. वय चार. अमेरिकेत पाच वर्षांखालच्या मुलांसाठी लस अजून आलेलीच नाही. म्हणजे आजी आणि नात, दोघींनाही जपायचं, आणि दोघींनाही डिस्ने वर्ल्ड बघायचं. एकीला मिकी, दुसरीला मोनोरेल.

म्हणून ही सहल ठरवताना मी राइड्सचा नव्हे, वाहनांचा विचार आधी केला. फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड साधारण शंभर चौरस किलोमीटरवर पसरलंय. चार मोठी पार्कं (मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज, ॲनिमल किंग्डम), वीसहून अधिक हॉटेलं, आणि त्यांच्यामध्ये रस्ते, तळी, जंगल. पार्कातला बराच वेळ उघड्यावर जातो. राइडमध्ये नको असेल तर बसायचं नाही, एवढं आपल्या हातात असतं. पण हॉटेलातून पार्कात जायला बस लागते. तिथे शेजारी कोण येईल ते आपण ठरवत नाही, आणि काचाही उघडत नाहीत.

आम्ही निघालो तेव्हाचा नियम असा होता: १७ फेब्रुवारीपासून पार्कात, बंद इमारतींतही, पूर्ण लस घेतलेल्यांना मास्क ऐच्छिक. पण बस, मोनोरेल आणि स्कायलायनर (तारेवरचे पाळणे) या तिन्हींत दोन वर्षांपुढच्या प्रत्येकाला सक्तीचा. डिस्ने वर्ल्ड जुलै २०२० मध्ये पुन्हा उघडलं तेव्हापासून पार्कांतले नियम कितीदा तरी बदलले, पण वाहनांतला मास्क कधीच उतरला नव्हता. फेब्रुवारी २०२१ पासून तर त्याला केंद्र सरकारच्या आदेशाची जोड होती. सीडीसी या अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेचा तो आदेश विमानं, रेल्वे, बस, टॅक्सी सगळ्यांना लागू होता. त्याची मुदत १८ एप्रिलला संपणार होती, पण कोविडच्या बीए.२ या नव्या उपप्रकाराचे रुग्ण वाढायला लागले म्हणून १३ तारखेला ती ३ मेपर्यंत वाढवली. ती बातमी वाचल्यावरच मी आईला म्हटलं, "चल, बॅग भर."

डिस्नेची विमानतळावरून नेणारी फुकट बस या वर्षीपासून बंद झालीये. आम्ही टॅक्सी केली. चालकाच्या तोंडावर मास्क, आमच्याही तोंडावर मास्क. आमचे एन-९५ होते, जानेवारीत सरकारनं औषधांच्या दुकानांतून फुकट वाटलेल्या ४० कोटींपैकी. हॉटेल पॉप सेंच्युरी. खोलीत गेल्याबरोबर आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि मगच बाल्कनी नसल्याबद्दल विचारलं.

रविवार, १७ एप्रिल

आज ईस्टर. गर्दी असणार हे माहीत होतं, म्हणून हॉलीवूड स्टुडिओजमध्ये अर्धाच दिवस काढायचं ठरवलं. पॉप सेंच्युरी निवडण्यामागे कारण एकच, दाराशी असलेलं स्कायलायनर स्टेशन. स्कायलायनर म्हणजे तारेवरून जाणारे पाळणे, आपल्या रायगडच्या रोपवेच्या जातीचे, पण एकामागे एक सतत येत राहणारे. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाले, म्हणजे जेमतेम सहा महिने चालले आणि मग कोविड आला. एका केबिनमध्ये दहा माणसं बसतात. पॉप सेंच्युरीहून कॅरिबियन बीचच्या मोठ्या स्टेशनवर जायचं, तिथे दुसऱ्या मार्गाची केबिन धरायची. एक मार्ग हॉलीवूड स्टुडिओजला जातो, एक एपकॉटला.

केबिनमध्ये एसी नाही. खिडक्यांच्या वर-खाली झरोके आहेत आणि चालती केबिन असली की वारा आरपार जातो. आमच्या चौघांना स्वतंत्र केबिन मिळाली. म्हणजे घरचीच माणसं, हवा खेळती, पाण्यावरून दहा-पंधरा मीटर उंचावर, आणि तरी चौघांच्या तोंडावर मास्क. नियम होता, पाळला. पण बस आणि ही केबिन एकाच नियमात बसवणं मला तेव्हाही पटलं नाही. साथीत माणसं नियमांवर चिडली ती याच ठिकाणी: जिथे गरज उघड दिसत नव्हती तिथेही तोच नियम, तितक्याच कडकपणे. मग जिथे खरी गरज होती तिथलाही नियम त्यांना जाचक वाटायला लागला.

आईला पाळणा आवडला. लेक खालची तळी बघत होती. पार्कात टॉय स्टोरीच्या भागात दोन तास, मग ऊन चढलं तसे परत. बाकी दिवस पोहण्याचा तलाव.

सोमवार, १८ एप्रिल

हा दिवस सविस्तर लिहायला हवा.

सकाळी मॅजिक किंग्डमची बस. थांब्यावर कर्मचारी, बसमध्ये ध्वनिमुद्रित सूचना, चालकाच्या मागे फलक: मास्क लावा, नाक झाका. आम्ही मागच्या दारापाशी बसलो. बस भरली, माणसं उभी राहिली, पण प्रत्येकाच्या तोंडावर मास्क होता. आई शांतपणे बाहेर बघत होती. बसच्या प्रवासाची तिला धास्ती होती ती निवळलेली दिसली, आणि मला फार बरं वाटलं.

आज मिकीला मिठी मारता येणार होती. मार्च २०२० पासून डिस्नेची पात्रं मुलांपासून लांब उभी राहत होती, दोरीपलीकडून हात हलवायची. १८ एप्रिलपासून पूर्वीसारखं जवळ जायची मुभा पुन्हा सुरू झाली, आणि आम्ही नेमके त्या दिवशी टाउन स्क्वेअर थिएटरच्या रांगेत होतो. रांगेतल्या कितीतरी आया नुसत्या उभ्या राहून रडत होत्या. माझी लेक दोन वर्षांची असताना सगळं बंद झालं. घराबाहेरच्या कुणाला जाऊन बिलगायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती मिकीसमोर थबकली, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ती जी धावली! आई म्हणाली, "बघ, पोरीचा जीव किती आसुसला होता." तो फोटो मी पुन्हा पुन्हा उघडून बघतेय.

दुपारी सावलीत बसलो असताना नवऱ्याच्या फोनवर बातमी आली. टॅम्पाच्या केंद्रीय न्यायालयातल्या न्यायाधीश कॅथरिन किंबल मिझेल यांनी वाहनांतल्या मास्कचा आदेश रद्द केला. टॅम्पा आम्ही बसलो होतो तिथून गाडीनं दीडेक तासावर. निकालपत्र ५९ पानांचं. सीडीसी १९४४ च्या ज्या सार्वजनिक आरोग्य कायद्यावर विसंबली होती, त्यानं एवढा अधिकार दिलेला नाही, आदेश काढण्याआधी लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या नाहीत, कारणंही पुरेशी दिली नाहीत, असा निकालाचा गाभा. आणि रद्द केला तो साऱ्या देशासाठी.

संध्याकाळपर्यंत विमानतळ सुरक्षा यंत्रणेनं सांगितलं की आता आम्ही सक्ती करणार नाही. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन, साउथवेस्ट, एकापाठोपाठ एक सगळ्यांनी मास्क ऐच्छिक केला. काही विमानांत तर उडत्या विमानातच घोषणा झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मास्क भिरकावले. ते व्हिडिओ रात्रीपर्यंत फोनवर फिरत होते. मी ते बघत होते तेव्हा त्या विमानात आईसारखं कुणी असेल का, एवढंच मनात येत होतं. चढताना एक नियम, उतरताना दुसरा, आणि मध्ये हवेत असताना जाणार कुठे?

आणि याच सोमवारी, आमच्या घरापासून तासा-दीड तासावरच्या फिलाडेल्फियात बंद जागांतली मास्कसक्ती पुन्हा लागू झाली होती. रुग्ण वाढले म्हणून. एकाच दिवशी एका शहरात नियम आला, साऱ्या देशाच्या वाहनांतून गेला. दोन्ही गोष्टी एकाच साथीबद्दल होत्या.

आतषबाजी संपल्यावर बसच्या रांगेत आलो. बातमी सगळ्यांनी वाचलेली, पण डिस्नेचा नियम अजून बदलला नव्हता. काहींनी मास्क काढला होता. कर्मचारी एकेकाला विनवत होती: आजच्यापुरता तरी लावा, आम्हाला अजून सूचना नाही. तिचा आवाज बसला होता. पावणेदोन वर्षं या लोकांनी हे काम केलंय, मुलांना हसवायला नोकरीला लागलेल्या माणसांनी. त्यांच्या डोक्यावरचं हे ओझं उतरलं, याचा मला मनापासून आनंद आहे, आणि तो आनंद मी खाली जे लिहितेय त्याच्या आड येत नाही.

मंगळवार, १९ एप्रिल

सकाळी उठून पाहिलं तर डिस्नेनंही जाहीर केलं होतं: बस, मोनोरेल, स्कायलायनर, सगळीकडे मास्क ऐच्छिक.

नाश्त्याला आम्ही दोघं नवरा-बायको पुढचं ठरवायला बसलो तेव्हा आई म्हणाली, "अगं, माझ्यासाठी काही बदलू नका. मी खोलीत पुस्तक वाचत बसेन." हेच मला नको होतं. नियम उठला की कुणीतरी मुकाट्यानं घरी बसायला लागतं, आणि मग बाकीच्यांना वाटतं की सगळं सुरळीत झालं. नवरा म्हणाला, "आई, तुम्ही येणार नसाल तर आम्हीही इथेच." मग ती उठली.

एपकॉट पाळण्यानं. कालच्या बसपेक्षा आजची ही केबिन कितीतरी निर्धास्त. आत बसल्यावर चौघांनीही मास्क काढले. आई म्हणाली, "हे बरंय, वारा लागतोय." फुलांचा उत्सव चालू होता, झुडपं कापून केलेले पुतळे, सगळीकडे रंग. वर्ल्ड शोकेस या देशोदेशींच्या विभागांतल्या जपानात आई बराच वेळ बोन्साय बघत उभी राहिली. दुपारी दोननंतर तिकिटावर दुसऱ्या पार्कात जायची मुभा होती, म्हणून मोनोरेलनं मॅजिक किंग्डमकडे निघालो. मोनोरेल ही आईची हौस. १९७१ मध्ये डिस्ने वर्ल्ड उघडलं तेव्हापासून ती धावतेय, एपकॉटचा फाटा १९८२ चा.

फलाटावरचा मास्कचा फलक काढलेला होता, मागे चार स्क्रूंची भोकं दिसत होती. आम्ही पहिली गाडी सोडली, दुसरीत चढलो. गाडी भरली. दारं बंद झाली, एसीचा गार झोत आला. त्या डब्यात मास्क लावलेले चेहरे बोटांवर मोजण्याइतके. त्यात आम्ही चौघं.

लेकीनं इकडेतिकडे पाहिलं. समोर तिच्याच वयाची मुलगी, मोकळा चेहरा, हातात फुगा. "आई, तिनं नाही घातला. मी काढू?" तोवर हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता, कारण सगळेच लावत होते. मी तिला सांगितलं की तुला अजून लस मिळालेली नाही, बाहेर गेलो की लगेच काढू. तिनं ऐकलं, पण ओठ काढले. सक्ती होती तेव्हा मला माझ्या मुलीला वेगळं पाडावं लागत नव्हतं. आता "तू का, ती का नाही" याचं उत्तर प्रत्येक आईनं आपापल्या बळावर द्यायचं. ज्यांच्या घरी पाच वर्षांखालचं मूल आहे त्यांना हे कळेल.

शेजारच्या एक बाई आईकडे वळून प्रेमानं म्हणाल्या, आता काढलात तरी चालेल, कळलं ना तुम्हाला? आईनं इंग्रजीत सांगितलं की माझी औषधं चालू आहेत. त्या बाईंनी एक शब्दही न बोलता पर्समधून आपला मास्क काढून लावला आणि गाडी थांबेपर्यंत ठेवला. मला त्यांचे आभारही नीट मानता आले नाहीत, दार उघडलं आणि गर्दीत त्या गेल्या. कुठलंही न्यायालय असं करा म्हणून सांगत नाही आणि करू नका म्हणूनही सांगत नाही.

पुढे मोनोरेल बदलायची होती. ती सोडून आम्ही फेरीबोट धरली. ज्यांच्यासोबत वयस्क माणसं आहेत त्यांना मी हेच सांगेन. सेव्हन सीज लगूनमधून जाणाऱ्या या दुमजली बोटींत सहाशे माणसं मावतात, बाजू उघड्या, वारा भरपूर. जहाजांना डिस्ने वर्ल्ड उभारणाऱ्या लोकांची नावं दिली आहेत: ॲडमिरल जो फाउलर, जनरल जो पॉटर, रिचर्ड अर्विन. यातले पॉटर आधी पनामा कालव्याच्या प्रदेशाचे गव्हर्नर होते, मग त्यांनी फ्लोरिडाच्या या दलदलीचं पाणी वळवलं. आई वरच्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहिली आणि मास्क खिशात ठेवला. पलीकडे किल्ला दिसायला लागला तशी लेकही तिच्या साडीचा पदर धरून टाचा उंचावून बघायला लागली.

रात्री परत येताना बस टाळली. बोटीनं पलीकडच्या मोठ्या थांब्यावर आलो आणि टॅक्सी करून, काचा खाली करून, हॉटेलवर.

बुधवार, २० एप्रिल

ॲनिमल किंग्डमला ना मोनोरेल जाते, ना पाळणा. बस किंवा गाडी. सकाळी लवकर निघालो तर बस अर्धी रिकामी असते, तेवढं साधलं. पुढे बसलो, दाराशी, कारण प्रत्येक थांब्यावर दार उघडतं. चालक तोंडावर मास्क न लावता हसून सगळ्यांना सुप्रभात म्हणत होता. त्याचं हसू खरंच दिसत होतं.

आत आनंदपूर नावाचं एक कल्पित गाव उभारलंय, भारत-नेपाळच्या धाटणीचं. भिंतींवर उडालेले रंग, जुनी हवेली, हाती रंगवलेल्या पाट्या, तारांचं जंजाळ. आईला वाटलं कुठल्या तरी जुन्या संस्थानात आलोय. वाघ झोपले होते. मोठी वटवाघळं उलटी टांगलेली होती, लेकीला तीच जास्त आवडली. राइड्स आम्ही थोड्याच केल्या.

दुपारी बातमी: सीडीसीनं म्हटलं की बंद वाहनांत मास्क अजून आवश्यक आहे असं आमचं मत आहे, आणि न्याय खात्यानं निकालाविरुद्ध अपील दाखल केलं. पण निकालाला तातडीनं स्थगिती मात्र मागितली नाही. म्हणजे मास्क परत येण्याची शक्यता कमीच.

माझं म्हणणं एवढंच आहे. सक्ती कधीतरी संपायलाच हवी होती. पाळण्यात ती आधीच संपायला हवी होती, बोटीत तर नव्हतीच. पण बस आणि मोनोरेल ही शेवटची जागा असायला हवी होती, आणि ती उठण्याची तारीख लोकांना आधी कळायला हवी होती. ३ मे हा दिवस जाहीर झालेला होता. त्या तारखेवर विसंबून माझ्यासारख्या कितीतरी जणांनी तिकिटं काढली, आजाऱ्यांना घेऊन घराबाहेर पडले. वैद्यकीय निर्णय असता तर त्याला एक उतार असता: आधी पाळणा, मग कमी गर्दीच्या वेळच्या बस, मग सगळं. कोर्टाचा निकाल असा पायऱ्यापायऱ्यांनी येत नाही. तो येतो आणि त्याच रात्री लागू होतो.

परतीच्या बसला गर्दी होती. आम्ही दोन बस सोडल्या.

गुरुवार, २१ एप्रिल

ऑरलँडोच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत बहुतेक चेहरे उघडे. आमच्या विमानातही तसंच. आईला खिडकी दिली, डोक्यावरचा हवेचा झोत पूर्ण उघडला, तिनं जेवणाचा डबा काढलाच नाही, दोन-अडीच तास पाणीही प्यायली नाही. लेक झोपली ती न्यूअर्कपर्यंत.

उतरल्यावर कळलं की आता प्रत्येक वाहनाचा नियम वेगळा आहे. न्यूअर्क विमानतळावर मास्क ऐच्छिक. न्यूअर्क चालवणारी पोर्ट ऑथॉरिटी ही संस्थाच चालवते त्या जेएफके आणि लाग्वार्डिया विमानतळांवर मात्र सक्तीचा, कारण ते न्यूयॉर्क राज्यात. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीत ऐच्छिक, आणि ती गाडी पेन स्टेशनला पोचल्यावर पुढची सबवे धरली की पुन्हा सक्तीचा. फिलाडेल्फियानं तीन दिवसांपूर्वी लावलेली सक्ती आज रात्री मागे घेतली.

येत्या शनिवारी आईला न्यूयॉर्क दाखवायचंय. जाताना सकाळची पहिली गाडी धरू, शेवटच्या डब्यात बसू. स्टेटन आयलंडची बोट फुकट आहे आणि तिला बाहेरचा डेक आहे, तिथून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा चांगला दिसतो. आईनं आत्ताच विचारून ठेवलंय की तिकडे दशम्या चालतील का.